लिंबाखालचं बराबर

९ जानेवारी, गुरुवार

शेठनी नकाशा उलटा धरला आणि दहा मिनिटं मान डोलावत बसले. शेवटी म्हणाले, "सगळं झ्याक हाय मॅडम, पण गेट तिकडं काहून गेलं?" कागद फिरवून हातात दिला. "आता आलं जागेवर." खूश झाले. अशा माणसाच्या हातात माझं पुढचं वर्ष आहे.

तर काम मिळालं. कळमनुरी रोडवरचा फर्निचरचा कारखाना, पूर्वीची लाकूड कापायची गिरणी. शाळेची बाकं, कपाटं, पलंग. आता दुसरी शेड, लाकूड वाळवायची खोली, पॉलिशची खोली, कँटीन. पुण्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणतं, पर्यावरणाचं प्रमाणपत्र असेल तरच माल घेऊ. म्हणून शेठना एकदम निसर्ग आठवला. प्रमाणपत्राची पाटी कुठे लागणार ते ठरलंय. गेटवर, वडिलांच्या फोटोच्या वर.

असू दे. आठ वर्षं हिंगोलीत मी कंपाउंडच्या भिंती आणि मंगल कार्यालयांच्या कमानी काढल्या. पुण्यातल्या वर्गमित्रांना दाखवता येईल असं हे पहिलं काम. कुणाला नासवू देणार नाही.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. गोड बोलायचा दिवस. साइटवर गेले आणि गजाननला झापलं. गजानन म्हणजे शेठचा सुपरवायझर (पुढे नुसतं ग.). काळ्या मातीत पाया चार फुटांवर थांबवलेला. ही माती पावसात फुगते, उन्हात फाटते, भिंतीला सोबत घेऊन जाते. हे मी कॉलेजात शिकले आणि हा इथंच जन्मला. तरी म्हणे, "बराबर होईल मॅडम."

बराबर. इकडं या एका शब्दावर माणूस जन्म काढू शकतो. उत्तर जुळलं, बराबर. कुणासोबत जायचं, त्याच्याबराबर. काम नीट केलं, बराबर केलं. उंचसखल जमीन सपाट केली, तीही बराबर केली. कॉलेजात पोरं मला 'बराबरबाई' म्हणायची. म्हणून मी तो शब्द टाकला आणि 'व्यवस्थित, व्यवस्थित' करत पाच वर्षं काढली. परत आल्यावर पुन्हा तोंडात बसला. साइटवर बरा पडतो. लोकांना वाटतं, मॅडम आपल्यातल्या. मी त्यांच्यातली नाही, पण वाटू द्यावं.

२१ जाने., मंगळ.

झाडांची मोजणी. मागच्या बाजूला लिंब आहे, कडुलिंबाचा, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. नवी शेड बरोबर त्याच्यावर येत होती. शेठ म्हणाले, "तोडा." मी म्हटलं, एवढं जुनं झाड राखलं की प्रमाणपत्राला गुण मिळतात. लगेच झाड देवासमान झालं. शेड अठरा फूट सरकवली. खरं तर लिंबाची सावली पश्चिमेच्या भिंतीवर पडते, दुपारी आत माणसं भाजणार नाहीत. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. आत भाजणारी माणसं शेठच्या घरची नाहीत.

खोडाशी तीन दगड, चुना लावलेले. टेप टाकत होते तर मागून आवाज. "मॅडम, तेवढं दगडाच्या अल्याडून घ्या."

किसनराव. कारखान्यातले सगळ्यात जुने मिस्त्री, गिरणी होती तेव्हापासूनचे. मी नमस्कार म्हटलं, ते जय भीम म्हणाले. हातातला रंधा खाली ठेवला नाही.

दगडांखाली त्यांची पहिली मुलगी आहे. अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली. तेव्हा नवराबायको गिरणीच्या मागे झोपडीत राहायचे. "गावात न्यावं म्हणलं, तर गाववाले..." बोटाने रंध्याचं पातं पुसलं. "मंग हितंच." मी पुढचं विचारलं नाही. त्याच गावात आमच्या घराची जमीन आहे, ते अर्धं वाक्य मला पाठ आहे.

रंधा मारताना लाकडाची गोल सालपं निघतात ना, ती घेऊन खेळायची म्हणे. म्हणून नव्या लाकडाला पहिला रंधा मारला की पहिलं सालप तिथं नेऊन ठेवायचं. इतकी वर्षं. खरंच एक होतं दगडापाशी. सागाचं.

६ फेब्रु., गुरु.

शेठ किसनरावांच्या समोरच म्हणाले, "तीस वर्सं झाली. आता काय ऱ्हायलं असंल तिथं?" किसनराव शेठच्या चपलांकडे बघत होते.

नंतर माझ्या पत्र्याच्या केबिनशी आले. "मॅडम, कागदावर घ्या. तोंडाचं उद्या कोन मानंल?"

त्यांच्यासमोर काढलं. लिंबाभोवती दहा फुटांचं वर्तुळ, आत खोदकाम नाही, कडेने बुटका दगडी काठ. मधे 'कि.' लिहिलं. बराच वेळ बघत राहिले. "हे वाटोळं म्हंजी ती?" वाटोळं म्हणजे गोल, इकडं तसंच म्हणतात. मला दुसराच अर्थ आठवून हसू आलं, ते दाबलं. म्हटलं, "हो. इथं कुणी हात लावणार नाही. माझा शब्द." शब्द देताना बरं वाटलं. मला नेहमीच बरं वाटतं.

२२ फेब्रु., शनि.

जाळीची भिंत उभी राहिली. भट्टीवाल्याने टाकून दिलेल्या वाकड्या विटा, एकीआड एक भोक. आत उभं राहिलं की गार वारं अंगावर येतं. रडू येईल इतकी छान झालीय.

भोकं किती उंचीवर ठेवायची ते किसनरावांनी सांगितलं. "दुपारचं वारं तिकडून येतं मॅडम, समदा भुस्सा उचलून पॉलिशवर नेऊन टाकतंय. खाली ठिवा." मी बरोब्बर गुडघ्याच्या उंचीवर ठेवली. शेठना दाखवताना म्हटलं, वाऱ्याचा अभ्यास केला. किसनराव शेजारी उभे होते, हसले. त्यांना त्यात काही गेलं असं वाटत नाही. माझ्या सोयीचं आहे ते.

१० मार्च, सोम.

किसनराव पाच दिवस सुटीवर. सून हट्टा गावी माहेरी आहे, बाळंतपण जवळ आलंय. बायकोला, कौसाबाईंना, घेऊन चाललेत. जाताना म्हणाले, "मॅडम, ध्यान असू द्या." "कशावर?" त्यांनी हनुवटीने लिंबाकडे दाखवलं.

संध्याकाळी उजेड छान होता. प्रमाणपत्रासाठी पुण्याला पाठवायला फोटो काढले.

११ मार्च, मंगळ.

नांदेडला छपराच्या कैच्या, म्हणजे लोखंडी सांगाडे, बघायला. उत्तरेचा मऊ उजेड आत यावा म्हणून छपराला करवतीसारखे दात दिलेत. कैच्या बनवणाऱ्या गाढवाने दात दक्षिणेला फिरवून जोडलेत. उन्हाळाभर भट्टी. त्याच्या दुकानात उभी राहून इतकी ओरडले की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला.

जाताना एस.टी.त कालचे फोटो पाहिले. लिंब देखणा आलाय. पण ते तीन दगड कचऱ्यासारखे दिसतात. चुना उडालेला, वर लाकडाचं सालप. पुण्याच्या लोकांना वाटेल काम अर्धवट सोडलंय. तिथं काहीतरी करायला हवं.

दुपारी ग. चा चौथा फोन. "मॅडम, जेसीबी आजच्याच दिवस हाय. लिंबाखालचं काय करायचं?" म्हटलं, "लिंबाखालचं बराबर करून घ्या." "बराबर करायचं?" "बराबर! मराठी कळत नाही का तुला?" फोन कट केला. ग. ला झापलं की डोकं हलकं होतं. सहाच्या आत घरी.

१२ मार्च, बुध.

बराबर केलंय.

खोडापासून काठापर्यंत तळहातासारखं सपाट. वर रोलरही फिरवलाय, हौसेने. ग. शाबासकीची वाट बघत उभा.

मला काठ म्हणायचा होता. दगडी काठ नीट करून घ्या, नकाशात आहे तसा. ग. म्हणाला, "तुमीच म्हणल्या बराबर करा. म्या दोनदा इचारलं." नकाशा कुठेय? जीपमध्ये, सीटखाली.

दगड? काठात बसवले. "बाहेरून दगड आनायचा न्हाई म्हणल्या ना तुमी, हितलाच वापरा." माझाच नियम. गुणांसाठी. माती? वरची चांगली माती वाया घालवायची नाही, बागेला वापरायची. तोही माझाच नियम. गेटपाशी फुलझाडांच्या वाफ्यात टाकली. शेठच्या वडिलांच्या फोटोखाली.

शेठना सांगितलं. चहा ओतता ओतता म्हणाले, "बरं झालं. म्या सांगणारच होतो."

त्यांचा राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

१३ मार्च, गुरु.

जेसीबीवाला अझहर. शेठनी त्याला सगळ्यांसमोर बोलवलं. कुणाची तरी चूक असायला हवी होती आणि तो परका. तो म्हणाला, "मॅडम बोले बराबर करो, गजाननभाऊ वैसाच बोले. मैं बराबर करा. इसमें मेरी क्या गलती?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी सांभाळून करायला सांगितलं होतं."

अझहर माझ्याकडे बघत राहिला. मग किल्ली खिशात घालून निघून गेला. पुन्हा या साइटवर दिसायचं नाही, असं शेठ त्याच्या पाठीवर ओरडले. उद्या धुळवड, साइट बंद. चांगलं आहे.

१५ मार्च, शनि.

किसनराव आले. नवा सदरा, हातात जिलबीचा पुडा. "नात झाली मॅडम." पहिली जिलबी मला.

खाल्ली. बाळाचं वजन विचारलं. सुनेची तब्येत विचारली. आणखी एक घ्या म्हणाले, तीही खाल्ली. तेवढ्या वेळात दहा वेळा सांगता आलं असतं. मग ते पुड्यातली एक जिलबी कागदात वेगळी बांधून लिंबाकडे निघाले, आणि मी बोटं चाटत केबिनच्या दारात उभी राहिले.

ते तिथं उभे राहिले. काठाबाहेरच. आत पाय टाकला नाही. मग काठाने फिरून एकेक दगड बघायला लागले. दोन सापडले, चुन्याचे डाग होते म्हणून. तिसरा सापडला नाही. जिलबी हातातच.

परत आले. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "कोन केलं?"

म्हटलं, "जेसीबीवाल्याची चूक. काढून टाकलं त्याला."

"बरं," म्हणाले. मग, "माती कुठं टाकली?" मी गेट दाखवलं. तिकडे गेले नाहीत. कामाला लागले. दिवसभर रंध्याचा आवाज येत होता.

२४ मार्च, सोम.

प्रमाणपत्राचे पुण्याचे सल्लागार आले. तरुण, गोरेगोमटे, पाण्याची बाटली स्टीलची. जाळीची भिंत बघून हरखले. लाकडाच्या भुश्शावर चालणारी वाळवणीची खोली बघून तर माझ्या पाया पडायचे बाकी राहिले. मी किती गोड हसले.

मग टॅबवर माझेच जुने फोटो काढले. "मॅडम, इथे हे तीन दगड काय होते? आता दिसत नाहीत."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी एक श्वाससुद्धा थांबले नाही. "आमच्या एका कामगाराच्या कुटुंबाचं होतं. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने हलवलं." सल्लागारांनी मान डोलावली. स्थानिक लोकांच्या भावना जपल्या याचेही गुण असतात म्हणे. नाव विचारलं. मी नाव दिलं.

खोटं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, हे इथे तरी लिहून ठेवते.

२ एप्रिल, बुध.

सल्लागारांचा अहवाल आला. शेठनी खुशीत कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मराठीत भाषांतर करून, माझ्याकडूनच. सहाव्या पानावर: 'ज्येष्ठ कामगार श्री. किसनराव यांच्या संमतीने.'

ग्रुपवर सत्तर अंगठे.

दुपारी ग. सांगत होता. किसनरावांची सून बाळाला घेऊन परत आलीय, तिच्या फोनवर कौसाबाईंनी ते पान वाचलं. दोनदा वाचलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून नवऱ्याशी बोलत नाही. ग. ला हसू येत होतं. "ह्या वयात रुसून बसली म्हातारी." मीही हसले.

७ एप्रिल, सोम.

शेठना कल्पना सुचली. देव माणसाला कल्पना का देतो. "लिंबाभोवती गोल बाक. आपलंच झाड, आपलाच माल. सोळा तारखेला प्रमाणपत्राची कमिटी आली की तिथंच बसवू, तिथंच फोटू. अन् किसनच्याच हातचा पाहिजे."

खाली पाणी जिरणाऱ्या फरशा बसल्याच आहेत. नको म्हणता आलं असतं. फरशीवर वजन नको, मुळांना त्रास होईल, दहा कारणं होती, सगळी खरी. मी घरी येऊन बाकाचं चित्र काढलं. गिरणीच्या जुन्या सागवानी तुळया वापरायच्या, त्याचे वेगळे गुण. आठ तुकडे, पूर्ण गोल. चित्र सुंदर आलं.

किसनरावांनी ते हातात घेतलं. नीट घडी केली. "करतो," म्हणाले.

१२ एप्रिल, शनि.

बाक बसला. सांधा दिसत नाही असं काम. आणि एका जागी तोंड उघडं. सात तुकडे, आठवा नाही. अडीच फुटांची फट.

चार दिवसांवर कमिटी. डोकं फिरलं. सगळे जेवायला बसले होते, त्यांच्यासमोर म्हटलं, "तीस वर्षं रंधा मारून गोलाचं माप येत नाही? हात चालत नसेल तर माणसाने घरी बसावं."

कुणीतरी हसलं. किसनरावांनी डबा बंद केला, हात धुतले, उठून आले. खिशातला टेप काढून माझ्या हातात दिला.

"मोजा. माप बराबर हाय, मॅडम."

मी टेप धरून बाकाकडे वळले आणि मग दिसलं. फट खोडाच्या उगवतीच्या बाजूला. दगड जिथं होते तिथंच, तेवढीच. तेवढ्यावर कुणाला बसू द्यायचं नव्हतं त्यांना. फटीत फरशीवर एक सालप पडलं होतं. पडलं नव्हतं, ठेवलं होतं.

मी टेप परत दिला. सगळे बघत होते. जे बोलले ते परत घ्यायला हवं होतं, त्याच आवाजात, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "ठीक आहे, जेवा सगळे."

संध्याकाळी शेठनी फट पाहिली. "सोमवारपर्यंत भरून घ्या. तो करत नसंल तर गजाननला सांगा, फळी ठोकून टाकंल." ग. म्हणाला बराबर.

१३ एप्रिल, रवि.

रविवार असून किसनराव आले. मी केबिनमध्ये एकटीच होते. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"फटीचं बोलाया न्हाई आलो. भरायची तर भरा. दुसरं हाय."

कळमनुरीच्या बाजारात त्यांना अझहर भेटला. त्याने सगळं सांगितलं. "तो म्हणला, मॅडम फोनवर बराबर करा म्हणल्या. खरं हाय का?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही नेमकं."

"कौसा अकरा दिवस झाले बोलून न्हाई राहिली. ताट वाढती अन् तोंड फिरवती. साठ झाली तरी शेठनी मला कामावर ठिवलंय ना. तिला वाटतं, त्याच्यापायी म्या हो म्हणलो. नोकरीसाठी लेकरू इकलं म्हणती." ते हे बोलत होते आणि मी टेबलावरची पट्टी सरळ करत होते. "बाकीचं कायबी होवू द्या मॅडम. झालं ते झालं. पर म्या हो म्हणलो न्हाई, एवढं तिला कळाया पायजेल."

"मी सांगते ना त्यांना."

"तोंडाचं न्हाई मानायची ती आता." मग हनुवटीने वही दाखवली. हीच. "तुमी रोज जेवताना ह्याच्यात लिव्हता. म्या बघतो. त्या दिवसाचं पान तिला दावा."

"वाचून दाखवते."

"न्हाई. ती वाचती. अंगणवाडीत होती ती मदतनीस. तिच्या डोळ्यानं वाचू द्या. उद्या सकाळी आणतो, जयंतीच्या मिरवणुकीच्या आधी. आमी कागद कुठं नेणार न्हाई, कुणाला दावणार न्हाई."

गेले. तोंडाचं उद्या कोण मानेल, असं माझ्या मनात आलं. त्यांचंच वाक्य. किती नीच मन आहे माझं.

रात्र व्हायच्या आत ११ मार्चचं पान काढून वाचलं. मला वाटत होतं, 'नकाशात आहे तसं' हे मी फोनवर म्हटलं होतं. महिनाभर स्वतःलाही तसंच सांगत आले. पानावर ते नाही. त्याच पानावर वर आहे, दगड कचऱ्यासारखे दिसतात. तिथं काहीतरी करायला हवं. आणि खाली, बराबर! मराठी कळत नाही का.

मला काठच म्हणायचा होता ना? पान वाचून मलाच सांगता येत नाही.

कौसाबाईंना ग. शी झालेलं तेवढंच दाखवता येणार नाही. त्या वरून वाचतील. आपल्या लेकराबद्दल मी कोणता शब्द वापरला तो पहिला दिसेल. आणि किसनराव कितीही म्हणोत, ते पान एकदा बाहेर पडलं की सहावं पान खोटं ठरतं. प्रमाणपत्र जातं. काम जातं. पुन्हा मंगल कार्यालयाच्या कमानी.

पान फाडलं तर? वहीला पानांचे आकडे छापलेत. नवी वही आणून सगळं उतरवून काढता येईल, हाच पेन, हेच अक्षर, दगडांचं तेवढं गाळून. हा विचार मी केला. अर्धा तास केला. स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का तेही बघून आले. होतं.

१४ एप्रिल, सोम. सकाळी

लिंबाखाली बसलेय, बाकावर, फटीच्या शेजारी. कारखान्याला सुटी. गावात ढोल वाजायला लागलेत. ग. सकाळी येऊन फटीवर फळी ठोकणार होता, त्याला फोन करून येऊ नको म्हटलं. "बराबर," म्हणाला. काय कळलं त्याला देव जाणे.

नवी वही काल आणली. पिशवीत आहे, कोरी. लिहिली नाही, पण घरी ठेवूनही आले नाही.

बाक खरंच चांगला झालाय. हात फिरवला तर कुठे टोचत नाही.

गेट वाजलं. दोघं आलेत. किसनराव पांढऱ्या सदऱ्यात, कौसाबाई पांढऱ्या लुगड्यात, चार पावलं मागून. गेटपाशी फुलांच्या वाफ्याजवळ कौसाबाई थांबल्यात. त्यांना मातीचं कुणी सांगितलं असेल का. किसनराव वळून त्यांची वाट बघत उभे.

आता निघाल्यात. कमरेच्या पिशवीतून चष्मा काढून पदराला पुसतायत, चालता चालताच. अकरा मार्चचं पान माझ्या अंगठ्याखाली आहे. लिहिणं थांबवते, नाहीतर त्यांना दिसेल की मी अजून ठरवतेच आहे, पान दाखवायचं की